डब्याला दसऱ्याची सुट्टी

तुमसर
१२ सप्टेंबर २०२२

चि. अश्वजित यास श्यामकाकाचे आशीर्वाद.

पाकीट पाहून दचकू नकोस. कोणी गेले-बिले नाही, सगळे खुशाल आहेत, हे आधीच लिहितो. हल्ली टपालाने काही आले की लोक वाईटच समजतात. फोन करता आला असता. पण फोनवर तू "हो काकाजी, बरं काकाजी" म्हणतोस आणि मागे तुझे गिऱ्हाईक बोलत असते. इकडे कुलदीप शेजारी उभा राहून हसतो. मी चौथी शिकलो, हळू लिहितो, पण कागदावर मला कोणी मध्ये तोडत नाही.

विषय त्या डब्याचा आहे. तू आपल्या सूनबाईच्या, रेणूच्या दुकानात बसवून गेलास तो. तू त्याला फायरवॉल म्हणालास. मी डबाच म्हणतो, कारण आकाराने तो ताराबाईच्या मिसळणाच्या डब्याएवढा आहे.

पुण्याच्या किराणावाल्या कंपनीचे तुला ठाऊक आहे, तरी मनात घोळते म्हणून पुन्हा लिहितो. रेणूचा चिन्नोर तांदूळ त्यांना आवडला. वर्षभर घेऊ म्हणतात. त्यांचा संगणक आणि आपला संगणक तारेने जोडला जाणार. त्यासाठी अट घातली की आपल्याकडे हा डबा पाहिजे आणि तो सदा चालू पाहिजे. दिवाळीपर्यंत ते न सांगता बाहेरून पाहणार. इंटरनेटचे दार उघडे सापडले तर बोलणे संपले. हे जमले तर पॅकिंगच्या बायांना बारा महिने काम. नाही तर धान निघाल्यावर चार दिवस काम आणि पुढे घरी. रुखमा तर या भरवशावर पोरीला घेऊन इथे थांबली आहे, नाही तर नागपूरला भावाकडे निघाली होती. रेणू रोज देवापुढे उदबत्ती लावते तेव्हा काय मागते ते मला न सांगता कळते.

आता डबा. समोरच्या राइस मिलची मोठी मोटर सुरू झाली की आपल्या घरातले दिवे मलूल होतात आणि त्याच क्षणी डब्याला चक्कर येते. हिरवा दिवा जातो, लाल येतो, मग तो बराच वेळ स्वतःशी काहीतरी करीत बसतो. तोपर्यंत दुकानातले इंटरनेट बंद. कुलदीपला दम कुठला? त्याने घरी एक तार बनवली आहे. बाहेरून येणारी तार डब्यातून उपटतो आणि आपल्या तारेने सरळ संगणकांकडे जोडतो. मी म्हटले, "अरे, डब्याले बाजूले ठेवून कायले जोडतं?" तर म्हणतो, "बाबा, गिऱ्हाईक थांबते काय? त्याले चक्कर आली तर मी दुकान बंद ठेवू का?" मग डबा शुद्धीवर येतो, पण कुलदीप तार काढायला विसरतो.

मला झोप नाही. डबा बेशुद्ध असतो तेव्हा तो सगळ्यांना आत सोडतो की सगळ्यांना अडवतो? आणि आपल्या तुमसरच्या दुकानात बाहेरचे कोण येणार? आत तांदूळ तर आहे. कुलदीप म्हणतो मी उगीच जीव खालीवर करतो. तसे असेल तर तसे लिही, म्हणजे मी गप्प बसतो.

पार्वताबाईंना माझा जय भीम सांग. तृप्तीला आशीर्वाद.

तुझा
श्यामकाका


नागपूर
१९ सप्टेंबर २०२२

आदरणीय काकाजी,
सविनय जय भीम.

पाकीट आईच्या हाती पडले. तुमचे अक्षर पाहून तिने आधी चष्मा शोधला, मग खुर्ची ओढली, आणि सगळे वाचून झाल्यावर म्हणाली, "श्यामभाऊ अजूनही तसेच हाय. आंबागडले होते तेव्हा आभाळ भरलं की भेत, नाही भरलं की भेत."

तुम्ही गप्प बसू नका. हा तुमचा जीव उगीच खालीवर होत नाही.

तो डबा बेशुद्ध पडला की सगळ्यांना अडवतो. मी मुद्दाम तसाच लावला आहे. त्यामुळे त्याला चक्कर आली तर दुकानाचे काम थांबते, पण चोर आत येत नाही. खरी अडचण पुढची आहे. डबा वारंवार पडू लागला की घरातलीच माणसे त्याला वळसा घालतात. कुलदीपदादा वाईट नाही, त्याला गिऱ्हाईक सांभाळायचे आहे. म्हणून भरवसा नसलेला डबा मुळीच नसल्यापेक्षा वाईट. नसला तर माणूस निदान जपून राहतो. भिंतीवर बसलेला दिसला की सगळे निर्धास्त होतात आणि मागून कुलदीपदादाची तार चालू असते.

आणि बाहेरचे कोण येणार म्हणता? चोर स्वतः तुमसरला येत नाही, काकाजी. त्याने यंत्र सोडलेले असते. ते जगातल्या एकेका दाराची कडी हलवत जाते. दार बँकेचे आहे की रेणूवहिनीच्या दुकानाचे, हे ते पाहतच नाही. बँकेत पहाऱ्याला माणसे असतात. वहिनीकडे एका संगणकात गिऱ्हाइकांचे पत्ते, बिले, बँक, सगळे एकत्र. इथे माझ्या ओळखीच्या एक पापड करणाऱ्या बाई आहेत. त्यांच्या संगणकात असेच कोणी शिरले आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर सगळ्या ऑर्डरींना कुलूप घालून गेले. बाई आठवून आठवून लोकांना फोन करीत होत्या, "तुम्ही उडदाचे सांगितले होते की मुगाचे?" मोठी कंपनी असा धक्का सोसते. बाईंचा तो हंगाम गेला.

आपल्या आंबागडच्या तलावाचे तुडुम आठवा. मातीच्या पारीच्या पोटातले ते पाणी सोडायचे तोंड. धानाच्या बांधीला हवे तेवढे पाणी जाऊ द्यायचे आणि बाकी तलावात धरायचे, एवढेच त्याचे काम. आम्ही पोरे त्यावर बसलो की तुम्ही पारीवरून ओरडत यायचे. आता या डब्यासाठी तसेच ओरडा.

सोबत कुरियरने बॅटरीची एक पेटी पाठवतो. ती डब्याला जोडली की मिलची मोटर सुरू होवो की लाईन जावो, त्याला चक्कर येणार नाही. डबा कोंड्यापासून दूर, उंच ठेवा, कोंडा त्याच्या जाळीत बसतो आणि तो तापतो. कुलदीपदादाची तार त्याच्या हाताला लागू देऊ नका. आणि हिरवा दिवा लागलेला आहे की नाही, हे पाहण्याचे काम आजपासून तुमचे.

आपला
अश्वजित


तुमसर
२७ सप्टेंबर २०२२

चि. अश्वजित यास आशीर्वाद.

पेटी आली. ईश्वर वायरमनने जोडून दिली. समोरची मिल सुरू झाली तेव्हा मी डब्यासमोर उभा होतो. दिवे मलूल झाले, पंखा मंदावला, आणि डबा तसाच हिरवा! मी मोठ्याने "वा रे पठ्ठ्या" म्हणालो. रुखमा हातातले पाकीट टाकून धावत आली, तिला वाटले मीच पडलो.

डबा आता घड्याळाच्या शेजारी उंच फळीवर आहे. मी सकाळी चहाआधी पाहतो, चहानंतर पाहतो, आणि मग दिवसभर येताजाता. ताराबाई म्हणाली, "अजी, त्याले जेवाले वाढू काय आता?" कुलदीप गिऱ्हाइकांना सांगतो, "आमच्या बाबाले नोकरी लागली." बोलू दे. रेणू मात्र म्हणाली, "मामाजी, तुमी पाहून राहिले म्हणून मी निवांत पॅकिंग करतो." हे तिने सगळ्यांसमोर म्हटले.

कुलदीपची तार मी तांदळाच्या कोठीत खोल खुपसून ठेवली आहे. तो शोधतो आहे. विचारले तर मी म्हणतो, "उंदरानं नेली असन."

एक विचारायचे आहे. दिवा कधी भराभर मिचकावतो आणि कधी सावकाश. भराभर मिचकावतो तेव्हा त्याच्यावर फार ताण येतो काय? या बिचाऱ्याला बसवल्यापासून क्षणाची उसंत नाही. आपण जेवतो, झोपतो, लग्नाला जातो, तो तिथेच. मला त्याची दया येते. दसरा जवळ आला आहे. पॉलिशची मशीन, वजनकाटा, लेबलची मशीन, कुलदीपची मोटरसायकल, यांच्याबरोबर या वर्षी डब्याचाही मान करणार आहे. तुझी काही हरकत असल्यास कळव.

पुण्याचे अजून काही कळले नाही. न कळणे चांगले की वाईट?

श्यामकाका


नागपूर
१ ऑक्टोबर २०२२

आदरणीय काकाजी,
जय भीम.

घाईत लिहितो. दिवा भराभर मिचकावतो तेव्हा काम जास्त असते इतकेच, ताण नाही. पुण्याचे न कळणे चांगलेच.

डब्याचा मान जरूर करा. हरकत कसली? त्याच्या जाळीत हळद-कुंकू जाऊ देऊ नका, म्हणजे झाले.

दसऱ्याच्या दिवशी मी, तृप्ती आणि आई दीक्षाभूमीवर असू. आमच्या मंडळाचा जेवणाचा आणि पाण्याचा स्टॉल आहे. लाखोंची गर्दी असते, फोन लागत नाही, तेव्हा काळजी करू नका. तिकडे तुम्ही आहात म्हणून मी निश्चिंत आहे.

आपला
अश्वजित


तुमसर
६ ऑक्टोबर २०२२

अश्वजित,

काल दिवसभर तुझा फोन लागला नाही. आज लागेलही, पण मला बोलणे होणार नाही. परसराम टेम्पो घेऊन नागपूरला निघाला आहे, त्याच्या हाती ही चिठ्ठी देतो. तो उभा आहे आणि हॉर्न वाजवतो आहे.

काल सकाळी आम्ही सगळी यंत्रे धुतली, पुसली, बंद केली. हळद लावली, झेंडूच्या माळा घातल्या. डब्याला सगळ्यांत मोठी माळ घातली. कुंकू जाळीपासून दूर लावले, तू लिहिले होतेस तसे. आणि मग त्याचेही बटण बंद केले. आपली रीतच आहे ना? दसऱ्याला नांगराला कोणी हात लावत नाही, मशीन फिरवत नाही, सगळ्यांना एक दिवस विसावा. बाकी सगळे माळा घालून बसलेले आणि या एकट्याला कामाला जुंपायचे, हे मला बरे वाटेना.

इंटरनेट बंद पडेल हे मला माहीत होते. सणाला बंद राहिले तर काय बिघडते, असे वाटले. पण ताराबाईने भातासाठी कोठीतून तांदूळ काढले, त्यात ती तार निघाली, तिने खुंटीला अडकवून ठेवली. कुलदीपला ती दिसली. सणाच्या ऑर्डरी पाहतो म्हणून त्याने संगणक आणि लेबलची मशीन सुरू केली आणि डब्याला वळसा घालून तार सरळ जोडली. मी तेव्हा आळीत सोने द्यायला गेलो होतो.

परत आलो. शेजारचा चिंधू सोने द्यायला आला होता, आम्ही दोघे ओसरीत चहा पीत होतो. तेवढ्यात पॅकिंगच्या खोलीतून खर्र खर्र आवाज. मी म्हटले, "आज मशीन कोण चालवून राहिलं?" आत गेलो तर कोणी नाही. लेबलची मशीन, गळ्यात माळ घातलेली, आपणहून लेबले ओकत होती! माळेतले झेंडू थरथरत होते. रुखमा पोरीला घेऊन सोने द्यायला आली होती, ती दारातच थांबली. म्हणाली, "बाबाजी, सुट्टीच्या दिवशी जागी केली म्हणून रुसली काय हो ही?"

कुलदीप धावत आला. "मी नाही केलं बाबा, आईची शपथ!"

ताराबाई म्हणाली, "आईची कायले? आपली घे!"

रेणूने एक लेबल फाडून घेतले. जिथे 'चिन्नोर' छापतो तिथे इंग्रजी होते. तिने वाचले आणि मराठीत सांगितले, "तुमचे दार उघडे आहे. बंद करा." तिचा चेहरा असा उतरला की मला दुसरे काही दिसेना. मी मीटरकडे पळालो आणि घराचा मेन स्विचच खाली ओढला. पंखे थांबले, मशीन थांबली. देवघरातले निरंजन तेवढे राहिले. चिंधू ओसरीतून ओरडला, "अगा श्यामराव, टीव्हीवर मॅच होती ना!" मग मी ती तार उपटली, मेन स्विच वर केला, डबा त्याच्या माळेसकट चालू केला आणि तो हिरवा होईपर्यंत त्याच्यासमोर उभा राहिलो.

कोण आले होते? काय नेले? पुण्याच्या लोकांना दिसले असेल काय? रेणू मला रागावली नाही. "मामाजी, जेवून घ्या," एवढेच म्हणाली. रागावली असती तर बरे झाले असते. तिच्या ताटातही काल पुरणपोळी तशीच राहिली.

त्यातले एक लेबल सोबत चिकटवतो. परसराम आता शिव्या देतो आहे.

श्यामकाका


नागपूर
६ ऑक्टोबर २०२२

काकाजी,

आधी पाणी प्या. परसराम परत निघतो आहे, त्याच्याच हाती हे देतो. रेणूवहिनीशी मी फोनवर बोललो आहे आणि संगणक इथूनच तपासले आहेत. पत्ते, बिले, बँक, सगळे जागेवर आहे. आत शिरल्याची खूण कुठे दिसली नाही. तरी वहिनीने सगळे पासवर्ड बदलले, आणि रविवारी मी स्वतः येऊन नीट पाहतो.

झाले असे. तार सरळ जोडल्यावर तुमची लेबलची मशीन जणू रस्त्यावर येऊन उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीही तिला छापायला सांगावे, ती छापणार. तिला रुसायचे कळत नाही, नाही म्हणायचेही कळत नाही. नाही म्हणणारा फळीवर माळ घालून झोपला होता.

मी पत्रात 'मान करा' लिहिले आणि पुढे विचारही केला नाही. खरे म्हणजे मला कळायला हवे होते. तुमच्या घरचा नांगर दसऱ्याला शेंदूर लावून भिंतीला टेकवलेला मी लहानपणी पाहिला आहे. एकदा त्याला हात लावला म्हणून तुम्ही माझ्या मागे धावलाही होता. म्हणजे यात निम्मा मी आहे.

पण काकाजी, मला एक सांगा. दसऱ्याला नांगर विसावतो, मशीन विसावते. घराच्या दाराला तुम्ही सुट्टी देता काय? दसरा आहे म्हणून कडी काढून ठेवता काय? हा डबा अवजारांतला नाही. तो दारातला आहे. दाराला तोरण बांधावे, हळद लावावी, पण दार उचलून बाजूला ठेवू नये.

आता लेबल. तुम्ही पाठवले ते मी भिंग घेऊन पाहिले. मजकुराच्या खाली बारीक अक्षरांत एक खूण आहे. तीच खूण पुण्याच्या कंपनीने वहिनीला पाठवलेल्या अटींच्या कागदावर आहे. म्हणजे काल तुमच्या दारात आलेला चोर नव्हता. ते तपासणीवाले होते.

हे चांगलेही आहे आणि वाईटही. घरातले काही गेले नाही हे चांगले. पण त्यांना दार उघडे सापडले. आता ते काय लिहितात त्याची वाट पाहायची.

जेवा. वहिनीलाही जेवायला सांगा.

अश्वजित


तुमसर
१५ ऑक्टोबर २०२२

चि. अश्वजित यास श्यामकाकाचे अनेक अनेक आशीर्वाद.

आज लिहायला पुष्कळ आहे. क्रमाने सांगतो.

तू रविवारी येऊन गेलास, त्यानंतर पुण्याहून विचारणा आली की त्या दिवशी तुमचे दार उघडे का होते. कुलदीप म्हणाला, "लाईन गेली होती म्हणून लिही. तुमसरची लाईन जाते हे त्याईले काय खोटं वाटन?" रेणू म्हणाली, "लाईन गेली नव्हती. मामाजीनं सुट्टी दिली होती आणि तुमी तार जोडली होती. मी तेच लिहितो." मी म्हटले, "पोरी, म्हाताऱ्याचं नाव घाल, सगळं माह्यावर ढकल." तिने माझे नाव घातलेच, पण ढकलायला नाही. दसऱ्याची रीत, माळ, तार, मेन स्विच, सगळे जसेच्या तसे लिहिले.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नकोस. मी डब्याकडे पाहायचो आणि डबा माझ्याकडे. रुखमाची पोर रोज विचारायची, "आबा, मशीन पुन्हा बोलली काय?"

आज दुपारी उत्तर आले. रेणूने पॅकिंगच्या खोलीत सगळ्या बायांसमोर मोठ्याने वाचले. मी पोत्यावर बसून होतो. पुण्याचे लोक लिहितात की आम्ही तुमच्यासारख्या पुष्कळ लहान दुकानांची दारे पाहतो. उघडे सापडले की मालकांना कळवतो. बहुतेक ठिकाणी दिवसेंदिवस कोणी पाहतच नाही, कळवलेले तसेच पडून राहते. तुमच्याकडे आमची लेबले पुरती छापून होण्याआधीच अख्खे घर बंद झाले. इतक्या लवकर दार बंद झालेले आम्ही पाहिले नाही. तुम्ही यासाठी कोणती व्यवस्था वापरता, हे कृपया कळवावे.

मग रेणूने कागद छातीशी धरला आणि मला विचारले, "मामाजी, तुमचं नाव लिहू काय?"

अश्वजित, बाया अशा हसल्या की समोरच्या मिलचे हमाल बाहेर येऊन पाहू लागले. ताराबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "लिही, लिही! कंपनीचं नाव तारा अँड नवरा!" कुलदीप सगळ्यांत मोठ्याने हसला आणि मग माझ्या पाया पडला. दसऱ्याला पडायचे राहिले होते, असे म्हणाला.

काम अजून पक्के नाही. त्यांची आणखी एक अट आहे. जोडीला दुसरा डबा ठेवा, पहिला पडला तर दुसऱ्याने आपोआप काम धरावे, म्हणजे कोणाला तार शोधावी लागणार नाही. आणि दिवाळीपर्यंत ते पुन्हा पाहणार, सणासुदीला तर नक्कीच पाहणार, असे मुद्दाम लिहिले आहे. दुसरा डबा तू लवकर पाठव. लक्ष्मीपूजनाला मी फटाक्यांपासून त्यांना कसे जपावे तेही लिही.

आज रेणू दोन घास जास्त जेवली.

श्यामकाका


नागपूर
९ नोव्हेंबर २०२२

आदरणीय काकाजी,
जय भीम.

पुण्याला निघालेल्या पहिल्या गाडीचा फोटो कुलदीपदादाने पाठवला. गाडीपुढे रुखमाताई नारळ फोडते आहे आणि तुम्ही फोटोत नाही. आईने विचारले, "श्यामभाऊ कुठं हाय?" मी म्हटले, "डब्यांपाशी असतील." खरे ना?

वहिनीने पाठवलेल्या चिन्नोरची खीर आईने केली. जिन्यात वास गेला तसे वरच्या मजल्यावरचे लोक वाटी घेऊन आले. तृप्ती म्हणते, आता या तांदळालाही एक फायरवॉल लागेल.

माझी इथली गिऱ्हाइके डब्याचा खर्च पाहून कुरकुर करतात. त्यांना मी आता तुमची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. पण दसऱ्याचा भाग आला की ते हसतात, आणि मग आपापल्या दुकानातली मागची तार काढायला लागतात.

आपला
अश्वजित


तुमसर
१० ऑक्टोबर २०२३

चि. अश्वजित यास श्यामकाकाचे आशीर्वाद.

तुला मुलगी झाल्याचे पार्वताबाईंच्या फोनवरून कळले, तेव्हा ताराबाईने आळीत साखर वाटली. पोरीला माझ्या वतीने एक मुका दे. नाव काय ठेवता ते लवकर लिही. थंडीत तिला जप. उन्हातही जप.

इकडे सर्व ठीक आहे. रेणूने मागची खोली घेऊन तिथेही पॅकिंग सुरू केले आहे. रुखमा आता बायांवर देखरेख करते आणि माझ्यापेक्षा जास्त ओरडते. तिची पोर शाळेतून आली की आधी फळीकडे पाहते आणि ओरडते, "आबा, हिरवा!" मग मी पाटीवर खडूने खूण करतो. पुण्याचे लोक वर्षात पुष्कळदा येऊन कडी हलवून गेले म्हणे. प्रत्येक वेळी दार बंद. उन्हाळ्यात पहिला डबा तापून एकदा खरोखर बंद पडला, तर दुसऱ्याने असे काम धरले की दुकानात कोणाला कळलेही नाही. मलाच कळले. मी तेव्हा समोर उभा होतो.

कुलदीपची तार आठवते? ताराबाईने ती परसात बांधली आहे. तिच्यावर कपडे वाळतात. कुलदीपचेच असतात बहुतेक.

आता दसरा आला. या वर्षी सगळे ठरवून ठेवले आहे. मशीन, काटा, मोटरसायकल यांना सुट्टी. डब्यांना नाही. ते चालूच राहतील आणि चालू असतानाच त्यांना हळद आणि तोरण. तू दारातला म्हणालास, तर दारासारखाच मान.

फक्त एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, म्हणून हे पत्र. डबे आता दोन आहेत. पहिला वयाने मोठा, पण एकदा पडलेला. दुसरा धाकटा, पण पडत्या काळी त्याने घर सांभाळले. तर कुंकू आधी कोणाला लावावे?

उत्तर पत्रानेच पाठव. फोनवर सांगू नकोस. फोन फळीच्या अगदी खालीच आहे, आणि दुसऱ्याने ऐकले तर उगीच त्याच्या मनाला लागेल.

श्यामकाका